झांजेचा एक ठोका

माझ्या आवाजाबद्दल मीच बोलणं बरं दिसत नाही, पण बोलायला दुसरं कोणी उरलेलं नाही म्हणून सांगतो. ऐन उमेदीत मी माणगावच्या स्टँडवर नुसता घसा साफ केला, तरी महाडची एसटी थांबायची आणि ड्रायव्हर खाली उतरून विचारायचा, काय झालं. श्रीवर्धनच्या बाजूला एका वाडीत माझ्या तानेनं नारळ पडले. सात पडले. म्हणजे मी सात सांगायचो. बायको म्हणायची, एक पडला, आणि तोही पडायलाच आला होता.

मी ख्रिस्ती कीर्तनकार. राहणार नगरकडचा, म्हणजे समुद्राशी माझा संबंध मिठापुरता. फेटा, उपरणं, हातात चिपळ्या, आणि प्रभू येशूची कथा ओव्या-अभंगांतून सांगायची, हे काम वडिलांकडून आलं. दरवर्षी ईस्टरनंतरच्या आठवड्यात आमची मंडळी किनाऱ्यावर सुवार्तेचा दौरा काढायची. एके काळी आम्ही सात जण होतो. पेटीवाला देवाघरी गेला. एक जण पुण्याला नातवंडं सांभाळायला गेला. तबलजीला ऐकू येईनासं झालं, ते माझ्यामुळेच असं तो अजून सांगत फिरतो. शेवटची काही वर्षं दोघंच उरलो. पुढे मी, मागे झांज घेऊन बायको.

कीर्तनाची रीत साधी आहे. पुढचा कथा सांगतो, मागचा पालुपद उचलतो. मागे पालुपद चाललेलं असताना पुढचा श्वास घेतो, घाम पुसतो आणि पुढे काय ते आठवतो. मागे कोणी नसेल तर त्याला कीर्तन म्हणत नाहीत, भाषण म्हणतात. आमच्या बाईकडे आणखी एक काम होतं. मी वाहवलो की ती झांजेचा एकच ठोका द्यायची. प्रभूच्या सांगण्यावरून शिष्यांनी उजवीकडे जाळं टाकलं आणि एकशे त्रेपन्न मासे मिळाले, असं शास्त्रात आहे. माझ्या तोंडून ते हजारावर जायचे. टण्. की मी गुपचूप एकशे त्रेपन्नवर. बाकीची मासळी परत पाण्यात.

दिवाळीनंतर ती गेली. तीन दिवस ताप. यात वाढवून सांगण्यासारखं काही नाही.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "काका, यंदा राहू द्या. एकट्यानं कसं जमणार?"

मी म्हणालो, "मी एकटा म्हणजे चौघांना भारी."

ते भले माणूस. जुन्या एका रेकॉर्डिंगमधून त्यांनी तिच्या आवाजातलं पालुपद शोधून काढलं, मध्ये चार-चार मिनिटांची शांतता सोडून ते माझ्या फोनवर भरलं आणि मुठीएवढा एक स्पीकर दिला. "टाक रे जाळं उजव्या अंगी, काठावर मी आहे." एवढंच. घरी मी ते एकदाही लावलं नाही. मनाशी मात्र ठरवलं की या खेपेला जमलं तर कीर्तन चालू ठेवायचं. नाही जमलं तर चिपळ्या ट्रंकेत.

माणगावहून बोर्ली पंचतनच्या गाडीत मी खिडकीशी बसलो, शेजारच्या सीटवर पिशवी. पिशवीत झांज. ती कशाला घेतली होती, वाजवणार कोण होतं, मला विचारू नका. रस्त्यावर खड्डा आला की पिशवीतून ठोका. पुन्हा खड्डा, पुन्हा ठोका. मी तर अजून तोंडही उघडलं नव्हतं. कंडक्टर म्हणाला, "बाबा, पिशवी खाली घ्या, माणूस बसंल." मी म्हणालो, बसलंय. त्यानं माझ्याकडे जरा बघितलं आणि पुढे गेला.

बोर्लीहून टमटमनं कोळीवाड्यावर पोचलो तेव्हा चार वाजले होते. बोटी लागलेल्या, पुरुष घरात आडवे. जाळी शिवायच्या शेडमध्ये बायका जवळा, ती बारीक कोळंबी, निवडत बसल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध दरवर्षीचीच म्हातारी. आम्ही तिला मावशी म्हणायचो. तिच्या हुकमाशिवाय त्या वाड्यात बोंबीलसुद्धा वाळत नाही.

"बुवा, एकलाच?"

"एकटाच, मावशी."

"आन बाई?"

हा प्रश्न येणार हे मला माणगावपासून माहीत होतं. खरं तर नगरपासून. उत्तर एका शब्दाचं होतं. माझ्याच्यानं एका शब्दात काही सांगणं कधी झालंय?

"घरी आहे. गुडघे धरलेत. डॉक्टर म्हणाले, प्रवास बंद. मी निघतच नव्हतो, तिनंच ढकललं. बाजरीच्या भाकऱ्या बांधून दिल्या, लसणाची चटणी दिली, वर दम दिला की मावशीला नमस्कार सांगितल्याशिवाय परत येऊ नका."

"व्हय," मावशी म्हणाली आणि जवळा निवडू लागली.

तिची सून म्हणाली, "आत्यानं बाईसाठी कोलंबी सुकवून सोडे ठेवलेत काढून. मोठाले. घेऊन जा, बुवा. तिला द्या. तुमीच वाटंत संपवू नका."

बायका हसल्या. मीही हसलो. माझं हसू त्या सगळ्यांपेक्षा मोठं होतं.

मागे एक प्लास्टिकचा क्रेट पालथा घातला, त्यावर स्पीकर ठेवून फोन चालू केला, शेजारी झांज ठेवली. तिची जागा तीच. मग मी उभा राहिलो. शिष्य रात्रभर समुद्रावर, हाताला काही नाही. पहाटे काठावर कोणी उभा आहे आणि विचारतो आहे, मुलांनो, काही मिळालं का? ही कथा मी तीस वर्षं सांगत आलो आणि दरवेळी या ठिकाणी माझ्या अंगावर काटा येतो. ही थाप नाही. रिकामं जाळं घेऊन येणाऱ्याची वाट बघत कोणी काठावर उभं असतं, यावर माझा विश्वास आहे. त्यासाठीच एवढ्या लांब यायचो.

पण मासे आले आणि मी सुटलो. एकशे त्रेपन्नचे हजार झाले. ठोका नाही. हजाराचे पाच हजार. ठोका नाही. उतारावर ब्रेक लागत नाही तसं झालं. पन्नास हजार मासे, त्यात पापलेट ताटाएवढं, सुरमई माणसाएवढी, रावस तर असा की त्यानंच होडी ओढून काठाला लावली.

"बुवा," मावशी म्हणाली, "तलावात पापलेट?"

शेड खदखदली.

"समुद्र होता, मावशी. नावच समुद्र."

"नाव असंल. तलाव हाय तो, गोड्या पान्याचा. बाईनं सांगलंय आमाला."

बाईनं यांना काय काय सांगून ठेवलं होतं कोण जाणे. कीर्तन झालं की मी चहा पीत माझ्याच बढाया मारत बसायचो आणि ती या बायकांत जाऊन बसायची. मी उत्तर शोधतोय तेवढ्यात चार मिनिटं भरली आणि मागून तिचा आवाज आला. टाक रे जाळं उजव्या अंगी. बायका माझ्या खांद्यावरून मागे बघू लागल्या. मी बघितलं नाही. कीर्तनकारानं मागे वळायचं नसतं. तीस वर्षांत, ती गाताना तिचा चेहरा कसा दिसतो ते मी कधी पाहिलेलं नाही, हे मला त्या शेडमध्ये उभ्या उभ्या लक्षात आलं.

"फोनात भरून दिलंय तिनं," मी म्हणालो. "गुडघ्यांमुळे."

लुगड्यावरचा जवळा झटकून मावशी उठली, माझ्या बाजूनं मागे गेली. मला वाटलं स्पीकर बघायला गेली. मी कथा पुढे रेटली. काठावर निखारे, भाकरी, भाजलेली मासळी, प्रभू म्हणतो या, न्याहारी करा.

"ती खाल्ली," मागून मावशीचा आवाज. "बाकीचा म्हावरा इकला कोनी?"

"म्हणजे?"

"येवढा काठावर आला. इकला कोनी?"

त्या वाड्यात पुरुषाचं काम बोट लागली की संपतं. पुढची मासळी बाईची, टोपली बाईची, बाजार बाईचा. मी तीस वर्षं तो ढीग काठावर आणून ओतत होतो आणि तो तिथंच सडत ठेवून पुढच्या अभंगाला लागत होतो.

"त्या तुमच्या थोरल्या शिष्याला बायको असंल ना?"

"होती. त्याच्या सासूचा ताप प्रभूनं घालवला, म्हणजे बायको होतीच."

"मंग त्या दिशी ती कुठं व्हती?"

"घरी होती," मी म्हणालो. थाप माझ्या तोंडात तयारच होती, ती वापरून झालेली आहे हेसुद्धा मला कळलं नाही. "तिचे गुडघे धरले होते."

टण्.

एकच ठोका, अगदी तिच्यासारखा. मी वळलो. मावशीच्या हातात झांज होती, बोटांना जवळा चिकटलेला.

"बाईनंच शिकवलंय," ती म्हणाली. "बुवा लई लांब गेला का एक ठोका."

कोणी हसलं नाही.

"दिवाळीनंतर गेली," मी म्हणालो. "तीन दिवस ताप होता."

"आन बाजरीच्या भाकऱ्या?"

"मीच केल्या. करपल्या."

ती हं म्हणाली. झांज तिनं क्रेटवर ठेवली नाही, मांडीवर घेऊन तिथंच खाली बसली, बायकोच्या जागी. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. तेवढ्यात स्पीकर त्याच्या वेळेला बोलला आणि बायकांनी जवळा निवडता निवडता त्या आवाजाबरोबर पालुपद धरलं. सगळ्यांनी नव्हे. ते विश्वासानं धरलं की इतक्या वर्षांच्या सवयीनं, हे मी ठरवू शकत नाही. मी स्वतः गायलो नाही. ऐकत उभा राहिलो, मागे तोंड करून.

निघताना मावशीनं सोड्यांची पुडी हातात दिली. "तिच्या नावचे हायत. तू खा. आन पुढल्या साली येशील तवा त्या शिष्याच्या बायकोची खबर काढून ये. नुसता म्हावरा नको आनूस."

परतीच्या गाडीत आठवलं. एका प्रेषितानं एका गावच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात, दुसऱ्याच कुठल्या वादात, जाता जाता एक उल्लेख आहे. तोच थोरला कोळी शिष्य सुवार्ता सांगत गावोगाव हिंडायचा तेव्हा बायकोला बरोबर न्यायचा. बस. तिचं नाव नाही, ती काय करायची ते नाही. मी ते पत्र शंभर वेळा वाचलं असेल. शंभर नाही, वीसेक वेळा.

पाळकसाहेबांनी विचारलं, माणसं किती होती? मी म्हणालो, अकरा बायका. ते थोडे थांबले, मी आकडा वाढवीन म्हणून. मग त्यांनीच विषय बदलला.

सध्या संध्याकाळी सोडे भिजत घालतो आणि त्या शिष्याच्या बायकोच्या कथेचा पहिला चरण जुळवत स्वयंपाकघरात फेऱ्या घालतो. चरण बरा झालाय. पालुपद काही सुचत नाही, ती सगळी पालुपदं आमच्या बाईची. म्हणून चरण म्हणतो आणि पालुपदाला लागेल तेवढा वेळ गप्प उभा राहतो. मग दुसरा चरण घेतो.