सुशांतचं कापलेलं वाक्य

सातची मालिका लागली की मला शिसारी येते, तरी मी शेजारी आनंदीबाईंकडे जाऊन बघते. नायिका म्हणे डॉक्टर, पण दवाखान्यात कमी आणि सासूचे पाय चेपायला जास्त. केस कापलेली बाई दिसली की समजावं, हीच विष कालवणार. आनंदीबाईंना मात्र ते सगळं खरं वाटतं. टीव्हीवर आलं म्हणजे ब्रह्मवाक्य!

त्यांचा मुलगा सुशांत दशावतारात बायकांची कामं करतो. त्याची द्रौपदी उभी राहिली की जामसंड्यातल्या बायका डोळ्यांना पदर लावतात. पेटीवाल्या धनेशवर त्याचा जीव आहे. अख्ख्या गावाला ते कळून चुकलंय, फक्त आईला नाही. तिला कसं सांगावं, या विचाराने पोरगा झुरत होता.

तेवढ्यात विजयदुर्गाला याच मालिकेचं शूटिंग आलं आणि सुशांतला काम मिळालं. नायिकेचा शिंपी भाऊ, पुरुषावर प्रेम करणारा. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. नट उभ्या उभ्या बोलतो आणि एकदा बोलला की ते सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्याच भरवशावर यानेही कॅमेऱ्यासमोर मनचं वाक्य टाकलं, "ताई, तुला जसा तुझा नवरा, तसा मला तो. यात लाजायचं काय?" दिग्दर्शकाने टाळ्यासुद्धा वाजवल्या.

"वैनी, माज्या तोंडान नाय जमला," सुशांत मला म्हणाला, "आता टीव्हीच्या तोंडान सांगतंय. आयेक पटतला."

तो भाग लागला त्या संध्याकाळी धनेशही त्यांच्याकडे जेवायला होता. पडद्यावर सुशांत लचकत आला. तसं चाल म्हणून सांगितलेलं, वाक्यासाठी त्याने तेवढं सोसलं होतं. मागून 'टुंईंग' वाजलं. नायकाने त्याच्या थोबाडीत मारली, पुन्हा 'टुंईंग'. वाक्य आलंच नाही. मेल्यांनी ते कापून टाकलं आणि माकडचेष्टा तेवढ्या ठेवल्या. त्या पडद्यावर थुंकावंसं वाटलं मला.

आनंदीबाई हसून हसून बेजार झाल्या. डोळे पुसत, पडद्यावरच्या पोराकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, "असलो झील कोणाच्याच पोटाक येव नये गो!" मग सुशांतच्या पाठीवर थाप मारली. "काम मात्र झकास केलंस हां."

सुशांतने मान वर केली नाही. धनेश ताटावरून उठला.

"अरे, माशे टाकून खंय चललंस?" आनंदीबाईंनी त्याचा हात धरला. "बस रे. तू माका झिलासारखोच."