अंगठ्यानंतरची खूण

सुनंदा गेल्याचं कळलं तेव्हा मी निपाणीला शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारून घेत होते. तिच्या धाकट्या भावाचा, महादेवचा फोन होता. "आक्का गेली वो, शैलाताई... सकाळीच." मी काहीतरी बोलले, फोन ठेवला, आणि मनात पहिला विचार आला तो असा, की आता या भागात मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये माझ्यापुढं कुणी नाही. हे लिहायला लाज वाटते. पण सुनंदाबद्दल खरं लिहायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी.

आम्ही एका वर्गात. मी मूळची बोरगावची, शिकायला मामाकडं बेळगावात, शहापूरला. तिचं घर तिथंच जवळ वडगावात, खाली वडिलांचे दोन माग, वर माणसं. शाळेच्या संघात ती पिचर आणि मी कॅचर. कॅचर बॅटरच्या मागं उकिडवी बसते आणि मांड्यांच्या आडोशाला बोटं दाखवून पिचरला सांगते, आता कुठला बॉल टाक. एक बोट म्हणजे वेगात, दोन म्हणजे हळू, तीन म्हणजे वर चढणारा. या खुणा चोरायला समोरच्या संघाचे डोळे टपलेलेच असतात, म्हणून मी एक युक्ती काढली होती. आधी चार-दोन फसव्या खुणा करायच्या, मग अंगठा दुमडायचा. अंगठ्यानंतरची खूण तेवढी खरी. डोकं माझं, बोटं माझी. पण बॅटर बाद झाली की सगळं मैदान ओरडायचं, "सुनंदाss!" माझे गुडघे सोलवटलेले असायचे, आणि पेपरात फोटो तिचा यायचा. तिच्या डब्यातली भाकरी मी रोज खायची, आणि रोज मनातल्या मनात जळायची.

पुढं दोघीही खेळाच्या शिक्षिका झालो, ती बेळगावात, मी निपाणीत. तिथंही तेच. तिच्या मुली राज्याच्या संघात जायच्या, माझ्या नाही. पालक मला तोंडावर विचारायचे, "बेळगावच्या बाई काय वेगळं शिकवत्यात वो?" मी हसून वेळ मारून न्यायची.

पाच वर्षांमागं हिंडलग्याच्या मैदानावर आमच्या दोन शाळांची फायनल होती. राज्याचा संघ निवडणारे समोर बसलेले. आमची बॅटिंग चालू असताना मी तिसऱ्या बेसजवळ, कोचच्या जागी उभी होते. तिथून त्यांच्या कॅचरचा हात मला दिसला, आणि मी चमकलेच. अंगठा दुमडला, पुढं दोन बोटं. हळू बॉल. पुन्हा अंगठा, एक बोट. वेगात. माझ्याच खुणा, जशाच्या तशा! मी माझ्या मुलींना बोलावून कानात सांगितलं. मी "बघून गं" म्हटलं की हळू, "चल गं" म्हटलं की वेगात. त्यानंतर आमच्या पोरींनी त्यांच्या पिचरला धुऊन काढलं. ती काकती गावची मुलगी, त्या वर्षी तिची निवड होणार हे सगळे धरून चालले होते. झाली नाही. ती मैदानातच तोंड झाकून बसली. आम्ही कप उचलला.

सुनंदा माझ्याकडं आली. ती पंचांकडं तक्रार करील असं मला वाटलं होतं. खरं सांगायचं तर तिनं ती करावी असंच वाटत होतं. म्हणजे भांडता आलं असतं.

"वाचल्यास न्हवं खुणा?" ती म्हणाली.

"माझ्याच हाईत त्या. माझ्याच वाचल्या तर चोरी कशी?"

"तुझ्याच हाईत, व्हय. पोरींना सांगूनच शिकिवल्यात, ह्या माझ्या कॅचरच्या हाईत म्हणून. तू वाचशील हे ठाऊक होतं गं... सांगशील असं वाटलं न्हवतं."

एवढंच. पुढच्या वर्षीच्या सामन्यात ती खुणा बदलील म्हणून मी मुद्दाम बघितलं. बदलल्या नव्हत्या. त्या दिवशी मी गप्प उभी राहिले आणि आम्ही हरलो. चांगुलपणानं नव्हे हो... माझ्यावर एवढा विश्वास टाकणाऱ्या त्या बाईचा मला भयंकर राग आला होता. भलेपणातही हीच पुढं! ती आजारी पडल्याचं कळूनही मी वडगावला गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले.

गेल्या आठवड्यात तिच्या मुली आमच्याकडं सामना खेळायला आल्या. सोबत नवीन शिक्षक. सामन्याआधी मी त्यांच्या कॅचरला, रेश्माला, बाजूला घेतलं. म्हटलं, "खुणा बदला गं. मला येतात त्या."

"ठाऊक हाय टीचर," ती म्हणाली. "एक इचारू? अंगठ्यानंतर मूठ दाखवली तर काय वो? आमच्या बाई म्हणायच्या, तशी एक खूण हाय, पण तिचा अर्थ निपाणीच्या बाईंनाच इचारा. मला ती कधी मिळाली न्हाई, म्हणायच्या."

मूठ मीच ठरवली होती, अगदी पहिल्या दिवशी. मूठ म्हणजे तुझ्या मनाला येईल तो बॉल टाक, माझा तुझ्यावर भरवसा आहे. सगळी वर्षं सुनंदा समोर उभी राहून माझ्या हाताकडं बघत होती, आणि मी तिला एकदाही ती दिली नाही. दिली असती तर तो बॉल पूर्णपणे तिचा झाला असता ना!

माझ्या मुली बाकावरून आमच्याकडं बघत होत्या. मी त्यांच्याकडं पाठ केली, दुखरे गुडघे वाकवून रेश्मासमोर उकिडवी बसले, अंगठा दुमडला आणि मूठ मिटली.