डॉर्कसची मधली खिडकी

डॉर्कस पिल्डिच म्हणजे कणीक तिंबता तिंबता म्हातारी झालेली बाई. सगळा जन्म ग्लॉस्टरच्या बेकरीत गेला. नवरा गेला तशी तिनं भट्टी विकली आणि आमच्या चेल्टनममध्ये अर्धं घर घेतलं. अर्धंच हो! आमचे घरं बांधणारे महा लबाड. विटांची दोन घरं एकमेकांना चिकटवायची, वरून गुळगुळीत गिलावा, गिलाव्यात रेघा मारून दगडाचा आव, आणि दारं दोन टोकांना लपवलेली. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं, केवढी ही एकच हवेली! बरोबर मध्ये, दोघांच्या सामाईक भिंतीवर, शोभेला एक खिडकी. तीही नुसती रंगवलेली, अर्धवट सारलेल्या पडद्यासकट.

डॉर्कसची थोरली बहीण लव्हिनिया बाथ शहरात दिलेली. तिथली घरं खऱ्या दगडाची, आणि त्याचा बाईला कोण तोरा! डॉर्कसला ती जन्मभर 'आमची पाववाली' म्हणत आली. एकदा या घरावरून बग्गीतून जाताना तिनं विचारलं, "हे सगळं तुझं?" आणि डॉर्कसची मान आपोआप हलली. झालं! आता ताई मुक्कामालाच निघाली. जन्मात एकदा तरी तिच्यासमोर ताठ मानेनं बसायचं होतं डॉर्कसला, आणि ते सगळं पलीकडच्या अर्ध्या घरातल्या कप्तान क्रम्पांच्या हातात होतं.

"ताई आहे तोवर बाहेर दिसू नका ना," ती काकुळतीला येऊन म्हणाली.

"आणि माझ्या गुलाबांना पाणी कोण, तुमची ताई घालणार?" कप्तान खेकसले. आरमारातून निवृत्त झालेला एकटा जीव, तोंडाचा भारी फटकळ.

ताई उतरली ती फाटकातच थबकली. "डॉर्कस, मला ती मधली खोली दे. काय ऐटबाज खिडकी आहे गं!"

"ती... ती उघडत नाही, ताई."

"न उघडायला काय झालं? ए माळीबुवा, इकडे ये!"

कप्तान जुनी टोपी घालून गुलाब छाटत होते. त्यांनी एकदा डॉर्कसकडे पाहिलं, टोपी काढली आणि शिडी आणली. दुखऱ्या गुडघ्यांनी कण्हत वर चढले, रंगवलेल्या काचेवर टकटक केलं. "ओलीनं फुगलीय, बाईसाहेब."

"मग जोर लाव की! फुकटचा पगार खातोयस. डॉर्कस, हा ऐदी थेरडा आजच्या आज काढून टाक!"

डॉर्कसला राहवेना. "पुरे गं ताई! माळी नाहीत ते. कप्तान क्रम्प आहेत, पलीकडचं अर्धं घर त्यांचं आहे. माझं हे एवढंच. आणि खिडकी भिंतीवर रंगवलेली आहे. खोटं बोलले मी. हस आता, हस पोटभर!" बोलता बोलता तिला रडूच फुटलं.

ताई हसली नाही.

शिडीवरून कप्तान ओरडले, "घात केलात, बाई! जरा दम धरायचा होता. येत्या शनिवारी माझे आरमारातले दोस्त यायचेत. त्यांना मी सांगून बसलोय, अख्खं घर माझं आणि तुम्ही माझ्या स्वयंपाकीणबाई!"

डॉर्कस रडता रडता हसत सुटली. ताईनं मात्र कंबरेवर हात ठेवले. "स्वयंपाकीण? माझी बहीण? हिच्या हातचा केक खाल्लायत का कधी? ग्लॉस्टरमध्ये रांगा लागायच्या, रांगा!"

हे ताईच्या तोंडून डॉर्कस पहिल्यांदाच ऐकत होती.

शनिवारी दोस्त आले. डॉर्कस पांढरा एप्रन बांधून मनुकांचा केक घेऊन पलीकडच्या दारात उभी राहिली. "कप्तानसाहेब, अजून काही हवं?" तिनं अदबीनं विचारलं. मागे मोलकरणीची टोपी घालून बाथची लव्हिनिया बशा पुसत होती. ते काम तिनं आपणहून मागून घेतलं होतं.