वाजवणाऱ्या हातांचा फोटो

इंग्लंडमधल्या मेडनहेडजवळच्या हवाईयन संगीत शिबिराच्या शेवटच्या दुपारी आम्ही चहा घेत एकमेकांना फोटो पाठवत होतो. ग्लासगोचे एक निवृत्त मराठी डॉक्टर शेजारी येऊन बसले. आमच्या घरात वाद्याला हात लावणारा मी पहिलाच, आणि माझी युकुलेली सुरात लावायला त्यांनीच शिकवलं होतं. कंपवातानं थरथरणारा उजवा हात त्यांनी डाव्या हातानं दाबून धरला होता.

“चेहऱ्याचे फोटो नकोत रे, तो रोज आरशात दिसतो. वाजवतानाचे हात आहेत का? नेक्स्ट इयर जमणार नाही.”

एकच निघाला, त्यातही बोटं पुसट आली होती. मी ओशाळलो. “सॉरी काका, नीट नाही आला.”

त्यांनी तो मोठा करून कितीतरी वेळ पाहिला.

“असू दे. इथे बोटं वाजवताना हललीयत, आजारानं नाही.”