मिनू पाणी पीत नव्हती ते तीन दिवस

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. बी.एस्सी. झालेली बाई मी, आणि त्याचा तोरा लग्नानंतरही बरीच वर्षं उतरला नव्हता. कुणी झपाटलेल्या झाडाची गोष्ट सांगायला लागलं की मी मुद्दाम फाजील प्रश्न विचारून तिची वाट लावायची. खोटं कशाला बोलू, या सदरातले तुमचे अनुभवही मी निम्मे हसतच वाचते. माझ्या अनुभवात भूत नाही, सावली नाही, पैंजणांचा आवाज नाही. जे घडलं ते सगळं भर उन्हात, दिवसाढवळ्या घडलं.

सत्त्याण्णव सालचा मे महिना. आम्ही मारवाडी जैन, पण चार पिढ्या जुन्नरात गेलेल्या, त्यामुळे घरातली भांडणंसुद्धा मराठीतच. बाजारपेठेत खाली कापडाचं दुकान आणि वर आम्ही राहायचो – सासरे म्हणजे बाबूजी, सासूबाई, माझे मिस्टर गिरीश, मी आणि आमची चार वर्षांची मिनू. सासूबाईंना सगळेच ‘बाई’ म्हणायचे, मिनूसुद्धा. गिरीशनी पिंपळवंडीला पाइप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान टाकलं, आणि दुकानामागे तीन खोल्यांचं घर बांधलं. मागे पेरूची दोन झाडं आणि एक जुनी विहीर. अक्षय्य तृतीयेला, शुक्रवारी, आमचा गृहप्रवेश झाला. जुन्नरची आवराआवर उरली होती म्हणून बाई आणि बाबूजी संध्याकाळी परत गेले. आठवड्याभराने ते कायमचे राहायला येणार होते.

आता पाण्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्यात पाणी गाळून प्यायचं हे सगळ्यांना माहीत असतं. पण गाळण्याच्या फडक्यावर जे सूक्ष्म जीव राहतात, त्यांचं काय करायचं हे फारसं कुणाला माहीत नसतं. ते फडकं उलटं करून गाळलेल्या पाण्यानेच हलक्या हाताने धुवायचं. त्या पाण्याला आम्ही जिवाणी म्हणतो. पाणी ज्या विहिरीचं असेल त्याच विहिरीत ती परत सोडायची, तीही वरून ओतून नाही, तर बुडाला कडी असलेल्या बारक्या बादलीतून पाण्यापर्यंत सावकाश उतरवून. दुसऱ्या विहिरीत सोडलं तर ते जीव जगत नाहीत, असं बाई सांगायच्या. जुन्नरच्या घरामागच्या विहिरीवर त्या हे रोज करायच्या, ताप असला तरी.

गृहप्रवेशाच्या दिवशी पिंपळवंडीची विहीर उपसून व्हायची होती, म्हणून टेम्पोतून दोन हंडे जुन्नरचं पाणी आणलं होतं. बाईंनी ते नव्या स्वयंपाकघरात गाळलं, आणि त्याची जिवाणी पितळी लोट्यात ठेवून तोंडाला फडकं बांधलं. निघताना मला म्हणाल्या, “सकाळी गिरीश सामानाला जुन्नरला येतोय ना, त्याच्याबरोबर दे. हिंदकळू नको म्हणावं.” स्वतःच का नाही नेला, तर सूर्यास्त जवळ आला होता, गाडीत गर्दी होती, लोटा सांडेल ही भीती.

मला इतका वैताग आला म्हणून सांगू! चाळीस पाहुणे जेवून गेलेले, भांड्यांचा डोंगर, मिनू किरकिर करतेय, आणि ह्यांचे जीवजंतू एसटीने प्रवास करणार. शनिवारी सकाळी विहीर उपसून ताजं पाणी आलं होतं. मी लोट्याचं फडकं सोडलं, मागे गेले आणि ते पाणी वरूनच नव्या विहिरीत भिरकावून दिलं. मग लोट्यात साधं पाणी भरलं, फडकं पुन्हा बांधलं आणि लोटा गिरीशच्या हातात दिला. कॉलेजात असताना मी मायक्रोस्कोपखाली हे जीव वळवळताना पाहिले होते. ते असतात हे मला बाईंपेक्षा जास्त पक्कं माहीत होतं, तरी मी ते केलं.

त्याच दिवशी दहाच्या सुमारास मी मिनूला पाणी दिलं. तिने पेला दूर सारला.

“नको. मला चालत नाही.”

मला हसू आलं. हे उपासवाल्यांचं बोलणं. घरात सतत कुणाचा ना कुणाचा उपास, पोर ऐकून शिकली असणार. दुपारी सरबत केलं, नको. दूध, नको. वरणभात समोर ठेवला तर ताट हळूच सरकवून भिंतीला टेकून बसली. हट्ट नाही, रडणं नाही... शांत. संध्याकाळी मी ओरडले. मग एक धपाटाही घातला. तिने तो खाल्ला आणि तोंड मिटूनच बसली.

रविवारी सकाळी तिचे ओठ सुकलेले दिसले. नवीन जागा म्हणून रुसली असेल, असं गिरीश म्हणत होते. मी शेजारी धावले. शेजारच्या सुमनताई अंगणवाडीत होत्या, स्वभावाने एकदम खमक्या. दारातूनच मी विचारलं, की ताई, या जागेचं काही... काही होतं का पूर्वी? हे मी विचारलं! मी!

“काय नाय व्हतं,” त्या म्हणाल्या. “पेरूचा मळा व्हता. आन् वहिनी, तुमी शिकल्या-सवरल्या ना? आमच्या बुद्धाच्या घरात आमी असलं काय मानत न्हाई. पोरीच्या अंगातलं पाणी आटलंय. आदी तिला बघू द्या.”

त्यांनी मीठ-साखरेचं पाणी करून आणलं, त्यांच्या बोअरचं. मिनूचं नाक धरून चमच्याने घातलं. तिने ते गिळलं नाही, हनुवटीवरून सगळं ओघळलं. पोटची पोर दुसऱ्या बाईच्या मांडीवर जबडा आवळून बसलीय आणि मी तिचे पाय धरून ठेवलेत... ते मी अजूनही विसरलेले नाही.

सुमनताईच आमच्याबरोबर जीपने नारायणगावच्या दवाखान्यात आल्या. डॉक्टरांनी घसा पाहिला, कान पाहिले, पोट दाबलं. ताप नाही, सूज नाही, काही नाही. सलाईन लावलं. शीर सापडेना, चार ठिकाणी टोचलं, पोरगी फक्त बघत राहिली. “प्यायला हवं हिने,” डॉक्टर म्हणाले, “सलाईनवर किती दिवस ठेवणार?” जरा तरतरी आली तसं आम्ही घरी आणलं, आणि घरी पुन्हा तेच. “मला चालत नाही.”

जुन्नरला कळवू का, असं गिरीशना विचारलं तर म्हणाले, म्हाताऱ्या माणसांना कशाला घोर लावायचा. नव्या घरी अजून फोन लागला नव्हता, एसटीडी बूथवर जायला हवं होतं. ते राहून गेलं. खरं सांगायचं तर मीच जोर केला नाही. बाईंशी बोलायची माझी छाती होत नव्हती, कारण तोवर माझ्या डोक्यात विहीर शिरली होती. रविवारी दुपारी मी मागे जाऊन काठावरून वाकून पाहत होते. काय करणार होते मी? त्या पाण्यातून जुन्नरचे कुठले आणि पिंपळवंडीचे कुठले हे कसं निवडणार होते? तिथे उभी राहून मी हात जोडले, माफी मागितली, नवकार मंत्र म्हटला, आणि घरात येऊन पेला पुढे केला. मिनूने मान फिरवली. मी तो पेला भिंतीवर फेकून मारला.

सोमवारी सकाळी पुन्हा दवाखाना, पुन्हा सलाईन. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत असंच राहिलं तर पुण्याला न्या. मिनूचे डोळे खोल गेले होते, हाक मारली तर उशिरा बघत होती. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून मोठ्याने रडले. मग उठले, पोरीला खांद्यावर घेतलं, आणि गिरीशना म्हटलं की पिंपळवंडीला नाही, जुन्नरला चला. कशाला, म्हणाले. मी म्हटलं, मला बाईंना काहीतरी सांगायचंय.

दुपारी साडेतीनला आम्ही बाजारपेठेतल्या घरी पोचलो. जिना चढून पाहते तर बाई चटईवर आडव्या, ओठांना चिरा पडलेल्या, उशाशी माळ. बाबूजी वारा घालत होते. मला पाहून गोंधळले.

“तुम्हाला कळवू नको म्हणाली होती. तेला चालू आहे तिचा.”

तेला म्हणजे ओळीने तीन उपास. आणि बाईंचा उपास म्हणजे अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही.

“कधीपासून?” मी विचारलं.

“शनिवार सकाळपासून. गिरीश लोटा देऊन गेला ना, त्यानंतर लगेच हात जोडून पच्चक्खाण घेतलं.” पच्चक्खाण म्हणजे आमच्याकडचा नेम, एकदा घेतला की पाळायचाच.

मी बाईंच्या पायाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं. लोटा, विहीर, वरून ओतलेलं पाणी, मिनू. बाई ऐकत होत्या. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, “ठाऊक आहे गं. मी गाठ उजव्या हाताची मारते. तू डावखुरी. लोटा हातात आल्यावर कळलंच मला.”

“मग मला बोलला का नाहीत?”

“बोलून ते जीव परत येणार होते? प्रायश्चित्त करावं लागतं. तू केलं नसतंस, म्हणून मी घेतलं.”

इतक्यात मिनू गिरीशच्या कडेवरून उतरली. सकाळपासून पाय टेकले नव्हते तिने. धडपडत येऊन चटईवर बाईंच्या कुशीत आडवी झाली. बाबूजींनी पेला आणला, म्हणाले, “घे बेटा, पी.”

मिनूने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. “आधी बाई.”

तिला उपासाबद्दल कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हालाच माहीत नव्हतं, तर सांगणार कोण? तीन दिवस ती पिंपळवंडीत आणि बाई जुन्नरात. बाईंनी पाणी बंद केलं ती सकाळ, आणि मिनूने पेला सारला तीही तीच सकाळ.

मी बाईंचे पाय धरले. “बाई, प्या. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी प्या.”

“पारणं उद्या सूर्योदयानंतर,” त्या म्हणाल्या.

“उद्यापर्यंत ती राहील का, बाई?”

बाहेरच्यांना हा प्रश्नच वाटणार नाही. पाणीच तर प्यायचं होतं. पण या बाईने उभ्या आयुष्यात घेतलेलं एकही पच्चक्खाण मोडलं नव्हतं. टायफॉइडमध्येही नाही. बाईंनी बराच वेळ मिनूच्या केसांतून हात फिरवला. मग मला म्हणाल्या, “गाळून आण.”

मी इतक्या घाईने ओतलं की निम्मं पाणी फडक्याबाहेर गेलं. बाई उठून बसल्या, हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणत क्षमा मागितली, आणि दोन घोट प्यायल्या. मिनूने त्यांच्या हातातून तोच पेला ओढून घेतला आणि एका दमात संपवला. मग दुसरा. मग तिसरा. डॉक्टरांनी हळूहळू द्या म्हणून बजावलं होतं, पण आम्ही कुणीच तिला थांबवलं नाही. मग ती तिथेच झोपली. मी तिच्या ओठांकडे बघत होते, म्हणून बाईंकडे लक्ष उशिरा गेलं. त्या भिंतीकडे तोंड करून रडत होत्या. आनंदाने नव्हे.

मिनू आज इंजिनियर आहे, तिला यातलं काही आठवत नाही. मी नंतर दोन डॉक्टरांना विचारलं. एक म्हणाले, मुलं नव्या जागेत असं करतात, योगायोग. दुसरे म्हणाले, मोठ्यांची नक्कल. पण समोर नसलेल्या माणसाची नक्कल कशी करणार? आणि योगायोग म्हणावा तर “आधी बाई” हे दोन शब्द कुठून आले? एवढी वर्षं मी यावर डोकं फोडतेय, मला उत्तर मिळालेलं नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा. पण थट्टा करू नका.

मी नंतर बाईंना म्हटलं होतं की तो तेला मी करते. केलाही, उकळलेल्या पाण्यावर. बाई म्हणाल्या, “चांगलं केलंस. पण माझं मोडलेलं त्याने जुळत नाही.” त्यानंतर त्यांनी मला कधी एका शब्दाने टोचलं नाही.

अकरा वर्षांनी बाई अंथरुणाला खिळल्या. शेवटी शेवटी साध्वीजी घरी आल्या, तेव्हा बाईंनी आयुष्यभरातल्या आपल्या चुका एकेक करून त्यांना सांगितल्या. आमच्यात तशी रीत आहे. मी औषध देण्यासाठी आतच होते. पहिली चूक बाईंनी हीच सांगितली, की मी एक तेला मोडला. साध्वीजींनी विचारलं, तो कोणत्या दोषासाठी घेतला होता?

बाई म्हणाल्या, “माझ्याच हातून जीव गेले होते.”

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. तेव्हाही मी बोलले नाही.