फाटकाबाहेरची मोटरसायकल

शेलूबाजारच्या कापसाच्या जिनात यंत्रं दुरुस्त करायला येणारा मिस्त्री आपली लष्करी लिलावातली मोटरसायकल फाटकाबाहेरच लावी. पेट्रोलची चावी बंद करी, काळ्या मातीत रुतू नये म्हणून स्टँडखाली फळी ठेवी आणि सायलेन्सर निवेपर्यंत जवळ उभा राही.

“मिस्त्री, गाडी हाय का बाळंतीण?” आम्ही जिनातली पोरं चिडवायचो.

“कापसाले मस्करी समजत नाही, बाबू. एक ठिणगी पुरे.”

एके दुपारी जिनातच कामाला असलेल्या त्याच्या भावाचा हात यंत्राच्या पट्ट्यात सापडला. निरोप मिळताच मिस्त्री आला. आतून किंकाळ्या येत होत्या, तरी तो आधी गाडीपाशीच वाकला.

“दगड हाय हा!” लोक म्हणाले.

भाऊ वाचला, ‘दगड’ हे नाव मात्र मिस्त्रीला कायमचं चिकटलं. त्या दुपारी फाटकाशी मी होतो. त्याची बोटं इतकी थरथरत होती, की पेट्रोलची चावी शेवटी मीच बंद केली. हे मी कुणालाच सांगितलं नाही.