वीतभर बांध

कार्ल्याला आमच्या आणि काकांच्या भातखाचरांमध्ये वीतभर बांध होता. तो कुणाचा, यावरून सख्खे भाऊ कोर्टात गेले. ऐन लावणीत तारीख पडली आणि अर्धा गाव वडिलांचा, अर्धा काकांचा साक्षीदार होऊन, ठेवणीतले पटके बांधून तालुक्याला गेला. एकजात शहाणे! इकडे रोपं वाफ्यातच पिवळी पडत होती. मग आई, काकू आणि गावातल्या बायका चिखलात उतरल्या. आम्हा पोरींनाही उतरवलं. दोन्ही खाचरं लावून झाली.

दिवस कलताना दोघे भाऊ पुढची तारीख घेऊन एकाच बैलगाडीतून परतले. आई आणि काकू त्याच बांधावर बसून एका फडक्यातली भाकरी खात होत्या.

आई म्हणाली, "या, तुमीबी बसा. हितं लय जागा हाये."